कौसल्यामावशींची तालीम

कौसल्यामावशी आम्हाला आधी भांडायला शिकवायच्या, संवाद नंतर. सौंदडच्या शाळेमागच्या पटांगणात दोन मुलं समोरासमोर उभी करायच्या आणि स्वतः धुळीत मांडी घालून बसायच्या. “चला, भांडा. घरी भांडता तसेच. पाठ केलेलं भांडण मले नाही पायजे.”

तरुणपणी त्या झाडीपट्टीच्या नाटकांत नायिका होत्या. गुडघे दुखायला लागल्यावर भावाकडे राहायला आल्या आणि गावातल्या मुलांची नाटकमंडळी जमवली. काही घरांत “त्या नाटकवालीच्या नादी लागू नका” असं बजावलं जाई. मावशींच्या कानावर ते येई. “बोलू दे बाप्पा,” म्हणत त्या तालीम पुढे रेटायच्या.

सुगन माझ्याच वर्गातली. जंगलालगतच्या टोल्यावरून, छोट्या वस्तीवरून, यायची. घरी गोंडी बोलायची, शाळेत काहीच नाही. मावशींनी तिला माझ्यासमोर उभं केलं, तेव्हाही ती मान खाली घालून गप्प.

“काऊन वं, घरी भावासंगं भांडत नाही?”

“गोंडीत,” ती पुटपुटली.

“मंग गोंडीतच भांड!”

सुगनने तोंड उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरकलो. शब्द एकही कळला नाही, पण आता माझं काही खरं नाही, एवढं नीट कळलं.

त्यातूनच आमचं नाटक उभं राहिलं. बाजारात हरवलेली बकरी शोधणारी आजी म्हणजे सुगन. ती बकरी बळकावणारा व्यापारी मी. ते गोंदियाच्या बालनाट्य स्पर्धेला न्यायचं ठरलं, तेव्हा आमचे गुरुजी अडून बसले. “परीक्षकांना गोंडी कशी समजणार? तिचे संवाद मराठीत करा.”

“गुरुजी, बकरी गेल्यावर म्हातारी कोणत्या बोलीत रडन, ते तिले ठरवू द्या,” मावशी म्हणाल्या.

सुगनचे वडील तर तिला पाठवायलाच तयार नव्हते. शहरातले लोक पोरीची टिंगल करतील, ही त्यांची भीती. मावशी दुखऱ्या गुडघ्यांनी टोल्यापर्यंत चालत गेल्या. “दादा, तुमी सोता चला. कोणी वंगाळ बोलला, त पडदा मी पाडीन.”

सभागृह गच्च भरलं होतं. सुगनचे वडीलही येऊन बसले होते. मी मिशीला पीळ देत ओरडलो, “ए बाई, ये बकरी हमारी है!” सुगन थिजून उभी. विंगेतून मावशींनी एक अक्षरही सुचवलं नाही. नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग सुगनने पदर खोचला आणि तिच्या तोंडाचा पट्टा गोंडीत सुरू झाला. आधी हसू फुटलं ते शेवटच्या रांगांत. दुसऱ्या गावच्या मुलांसोबत आलेल्या गोंड बाया तिथे बसल्या होत्या. बघता बघता सगळं सभागृह हसू लागलं. शेवटी ती मटकन खाली बसून बकरीला हळू हाका मारू लागली, तेव्हा कुणी खोकलंही नाही. आणि बकरी झालेली चिमी माझ्या हातातलं दावं सोडवून तिच्या कुशीत शिरली, तेव्हा परीक्षकसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पहिलं बक्षीस आमचं. सौंदडच्या फलाटावर ढोल घेऊन अर्धं गाव आलं होतं. त्या गलक्यात सुगनचे वडील मावशींपाशी आले. “बाई, माहा लहाना बी आणू का?”

“आना ना. आन् तुमी बी या. पुढच्या नाटकात मले एक सरपंच पायजे.”

ते खरंच आले. मावशी आज नाहीत. मंडळी सुगन चालवते. सरपंचाचं काम अजून तिच्या वडिलांकडेच आहे.