राहेलचा नवरा उठून बसला तेव्हा

मानमोडीच्या तापाच्या साथीत माझे यजमान गेले आणि शेजारच्या राहेलचा नवरा बरा झाला. त्या दिवसांत माझा विश्वास डळमळला तो यजमानांच्या मरणाने तितका नाही, जितका राहेलच्या नवऱ्याच्या जगण्याने.

लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. दोघेही पुरुष घाटातल्या इंजिनांवर कोळसा टाकणारे फायरमन, आणि दोघांनीही एकाच आठवड्यात अंथरूण धरलं. राहेल आणि मी एकाच चुलीवर पेज करायचो, आणि ती शिजेपर्यंत गुडघे टेकून दोघांसाठीही प्रभूकडे मागायचो. शब्द तेच, आसवंही तीच. एका पहाटे माझ्या यजमानांचा श्वास थांबला. त्याच संध्याकाळी राहेलच्या नवऱ्याने, शांतवनभाऊजींनी, आपण होऊन पेज मागितली. भिंतीपलीकडून राहेलचा हुंदका आला. तो आनंदाचा आहे हे मला कळलं, आणि मी कानांवर हात ठेवले.

पुढे माझं मन सारखं तिच्याशी तुलना करत राहिलं. तिची श्रद्धा माझ्याहून मोठी होती का? तिने उपास धरले, मला जमले नाहीत, म्हणून का? तिच्या दाराशी पुरुषाचा सदरा वाळताना दिसला की माझी प्रार्थना तिथेच तुटायची. तीही मला टाळू लागली होती. सुखात आहे, माझ्याकडे कशाला येईल, असं मी धरून चालले.

एका रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी, दुखण्यातून उठलेल्यांसाठी कुणाला देवाचे उपकार मानायचे असतील तर मानावेत, असं सांगितलं. राहेल उभी राहिली. तिचे शब्द ऐकायला मी थांबले नाही. बाहेर पडले आणि भुशीच्या वाटेने चालत सुटले. माणसांची वस्ती संपली, गवत पिवळं पडू लागलं होतं. तिथेच गवतात मी बसले. "प्रभू, माझंच का ऐकलं नाहीस?" एवढंच तोंडून येत होतं.

डोंगरातल्या वाडीवरची एक म्हातारी मोळी घेऊन चालली होती. मला पाहून तिने मोळी उतरवली.

"कोन गेलं गं, पोरी?"

"मालक."

"माजी सून गेली. याच दुखन्यात."

ती माझ्याजवळ बसली. माझं डोकं तिने आपल्या खांद्याला लावून घेतलं, आणि यजमान गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्यासाठी रडले. तोवर रडले होते ते राहेलच्या घराकडे बघून.

ऊन कललं तशी ती म्हणाली, "ऊठ. तुला घरला घालवते." मोळी तिथेच ठेवून ती चाळीपर्यंत आली. मी पाणी घ्यायला थांबवलं, तर "न्हाई गं, लय लांब जायाचंय" म्हणून मागे फिरली.

माझ्या दाराशी शांतवनभाऊजी भिंतीला धरून उभे होते. गालफडं बसलेली, अंगात नुसती हाडं. राहेल मला शोधायला गेली होती.

"वहिनी," ते खाली बघत म्हणाले, "मी वाचलो याची मला तुमच्यापुढे लाज वाटते. खोकला आला की तोंडावर गोधडी दाबतो, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. राहेल आज उभी राहिली खरी, पण तिला बोलताच आलं नाही. तुमचं नाव घेतलं आणि रडत खाली बसली."

ज्या घराचा मी हेवा करत होते, त्या घरात माझ्याच दुःखाने कुणाला घास गोड लागत नव्हता.

"भाऊजी, मोकळेपणी खोका," मी म्हणाले. "तुम्ही आहात, हे मला ऐकू येऊ दे."

हे शब्द मी जुळवले नव्हते. ते माझ्या तोंडी कुणी घातले, हे मला ठाऊक आहे.

'का' याचं उत्तर प्रभूने मला अजून दिलेलं नाही, आणि मीही आता ते मागत नाही. मागितलं होतं उत्तर, त्याने पाठवली एक म्हातारी, जिचं नावही मी विचारलं नाही. तिच्यासाठी मी रोज उपकार मानते. यजमानांची आठवण आजही तितकीच दुखते. पण ते दुःख राहेलच्या सुखाशेजारी ठेवून बघणं मी सोडलं आहे. ते जसं आहे तसं प्रभूच्या हाती दिलं, आणि त्याने ते परत केलं नाही.