अक्कांचा गंधार

ज्या बाईंकडे मी नऊ वर्षं गाणं शिकते आहे, त्यांना मंडी मोहल्ल्यात सगळे अक्का म्हणतात. वय सत्तरीच्या पुढचं. नव्या माणसाला त्या कित्येक आठवडे नुसता सा लावायला लावतात. मग पंचम. हे दोन स्वर जागचे हलत नाहीत, ते आधी घट्ट बसू देत. बाकीच्या पाचांना कोमल किंवा तीव्र व्हायची मुभा आहे, त्यांचं मग बघू, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी एक गृहस्थ शिकायला आले. पुण्याहून बदली होऊन इकडे कानडी मुलखात आलेले, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पहिल्याच दिवशी अक्का त्यांना म्हणाल्या, "बन्नी, बसा हितं." बन्नी म्हणजे कानडीत ‘या’. ते हसले. "मॅडम, तुमचं हे मराठी फारच मजेशीर आहे." अक्काही हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या आजोबांच्या आजोबांपासून आमच्या घरात हेच मराठी बोललं जातं, आणि ते काही कुणाची करमणूक व्हावी म्हणून नाही.

तिसऱ्या महिन्यात ते शुद्ध गंधारापर्यंत आले. अक्कांनी तानपुरा छेडला, सा, रे म्हणून गंधारावर थांबल्या. गृहस्थांनी खिशातून फोन काढून समोर ठेवला. त्यात स्वर मोजणारं अ‍ॅप होतं. काटा मधल्या रेघेच्या डावीकडे, लाल रंगात.

"मॅडम, पुन्हा म्हणा बरं."

अक्कांनी पुन्हा गंधार लावला. काटा तिथेच.

"बघा. तुमचा गंधार उतरलाय. दोन्ही वेळा."

खोलीत आम्ही पाच जणी होतो. कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही, आणि त्याबद्दल मला स्वतःचा अजून राग येतो.

अक्कांनी तानपुरा त्यांच्या जवळ सरकवला आणि खर्जाची तार छेडली. "सुम्ने बसा, गप ऐका. ही तार सा ची. तरी तिच्यातनं वर बारीक ग येतो का नाही? तोच मी लावते. तुमच्या फोनातला ग पेटीचा. पेटीचा ग जरा चढाच असतो."

"मला तर काही ऐकू येत नाही. आणि सगळं जग हे अ‍ॅप वापरतं, ते कसं चुकेल?"

"येईल ऐकू. अजून सहा महिने बसा."

ते बसले नाहीत. पुढच्या आठवड्यात इंटरनेटवर अक्कांच्या क्लासच्या नोंदीखाली त्यांचा अभिप्राय दिसला: बाई चांगल्या आहेत, पण वयामुळे स्वर ढळले आहेत, मुलांना पाठवण्याआधी विचार करावा. तीन महिन्यांत या माणसाने एकदाही डोळे मिटून तानपुरा ऐकला नव्हता. आणि निकाल देत होता साठ वर्षं गाणाऱ्या बाईवर.

दोन मुली यायच्या बंद झाल्या. त्यांतल्या एकीची आई मला येलवालच्या बस स्टॉपवर भेटली. "अक्कांना आता जमत नाही म्हणे, हौदा? खरं का?" तिने इतक्या काळजीने विचारलं, की मला तिच्यावर ओरडताही येईना. तिथेच उभं राहून मी तिला पेटी आणि तानपुऱ्यातला फरक सांगत बसले. माझी बस गेली.

अक्कांना मी अभिप्राय वाचून दाखवला. "इरली बिडू ग, असू दे," त्या म्हणाल्या. "त्याला जे दिसलं ते त्यानं लिहिलं. खोटं नाही बोलला."

"दिसलं, अक्का. ऐकलं नाही."

"मग तू का तापतेस? रियाज केलास का?"

मी घरी जाऊन, त्यांना न सांगता, खाली लांबलचक उत्तर लिहिलं. गृहस्थांनी एका ओळीत कळवलं: तुमच्या भावना समजू शकतो. भावना! मी स्वराबद्दल लिहिलं होतं.

त्या दोघींपैकी एक मुलगी महिन्याभराने परत आली. दुसरी कीबोर्डच्या क्लासला जाते. तो अभिप्राय अजून तिथेच आहे. मी अधूनमधून तो उघडते, वाचते आणि पुन्हा तितकीच तापते.