काठोकाठ कॅन

"उणं द्यायचं न्हाई कुणाला," असं म्हणत मामा उसन्या साखरेची वाटी शीग लावून परत करायचे. तुमच्याही शेजारी असा एखादा असेल. मामा दौंडला आमच्या समोर राहत. रेल्वेत टीसी होते; निवृत्त झाले तरी दारात कुणी आलं की त्यांची नजर आधी त्याच्या खिशाकडे जायची.

मी शिरूरच्या कॉलेजात शिकवायचे आणि तिथल्याच प्रयोगशाळेत पीएच.डी.चा उद्योग चालवायचे. प्रवाळाच्या शरीरात एक सूक्ष्म शेवाळ राहतं. त्याच्या पेशींच्या भिंतीतली प्रथिनं मला हवी होती. प्रवाळ त्यांवरूनच आपलं शेवाळ ओळखत असावं, असा माझा अंदाज.

"म्हंजी भिंतीलाच पास चिकटवल्याला हाय," मामा म्हणाले. "बघितला की आत सोडायचं."

इतकं सोपं करून मला माझ्या सरांनाही सांगता आलं नव्हतं.

या शेवाळाला समुद्राचं पाणी लागतं, आणि आमच्याकडे तर भीमा. मामा महिन्यातून एकदा लेकीकडे मुंबईला जात. येताना माझ्यासाठी दहा लिटरचा कॅन आणत, काठोकाठ भरलेला.

एकदा ते पाणी मी चंबूंमध्ये घातलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं शेवाळ मरून तळाशी बसलेलं. दोन वर्षांची मेहनत गेली. एसटीने परतले ती थेट मामांच्या दारात.

"लोनावळ्याला कॅन कलंडला, बाई. निम्मं सांडलं," ते खाली बघत म्हणाले. "मग तुमाला उणं कसं द्यायचं? टेशनच्या नळाखाली धरला. चिमूटभर मीठबी टाकलं."

मला रडू येत होतं, पण त्या चिमूटभर मिठाने हसवलं.

प्रयोगशाळेत परत गेल्यावर, टाकून देण्याआधी तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गोड्या पाण्याने पेशी फुटून रिकाम्या झाल्या होत्या आणि मागे नुसत्या भिंती उरल्या होत्या. त्याच वेगळ्या काढायला मी दोन वर्षं झटत होते. एका चंबूत नवं पाणी घालायचं राहिलं होतं, म्हणून वाढवायला जिवंत शेवाळही उरलं. मी मामांना पेढे दिले.

"मग फुडच्या बारीला नळाचंच आणू का?" त्यांनी विचारलं.

पण त्यानंतर ते कॅन भरला की लाल रंगाने रेघ मारायचे. "हितवर भरला व्हता. कमी झालं तर कळंल तुमाला."

माझा प्रबंध पूर्ण होण्याआधीच मामा गेले. दिवस झाल्यावर मामींनी शेवटचा कॅन माझ्यापुढे ठेवला. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं. मामांनी आयुष्यात कुणाला उणं दिलं असेल तर तेवढंच, आणि तेही माझ्यासाठी.

शिरूरपर्यंत तो कॅन मी मांडीवर धरून बसले.