साडेसहा पौंडांचा चाप

तुमच्या उजव्या हाताच्या तर्जनीत किती बळ आहे, कधी मोजलंय? नसेलच. ज्यांना ते मोजावं लागतं ती माणसं वेगळी. व्हर्लीन टिब्सचं बोट मार्चमधल्या एका सकाळी मासे तोलायच्या काट्याला अडकवून मोजलं. काटा सातावर गेला आणि तिथेच थांबला. सात पौंड. एकसष्ट वर्षांच्या बाईला आपला जीव त्या सात पौंडांत बसवायचा होता.

एरी तळ्याकाठच्या आमच्या गावात व्हर्लीनला तुम्ही नक्की पाहिलं असेल, फक्त लक्ष दिलं नसेल. निळा सैल अंगरखा, इलॅस्टिकची विजार, पांढरे बूट. सत्तावीस वर्षं ती घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना उठवते, न्हाऊ घालते, भरवते. तुमची आई, तुमचा बाप. त्या कामाने तिचे अंगठे खाल्ले. सांध्यांना गाठी आल्यात. बरणीचं झाकण ती हाताने उघडत नाही, दाराच्या फटीत धरून पिळते. अशा बायकांची आमची एक कमिटी आहे, ती मी चालवते. शाळा मी अर्धवट सोडली. कायदा वाचनालयात बसून शिकले, आणि जो शिकले तो वकिलांनाही ऐकवते.

तिचा जावई रॉइस गॅडी. जावई म्हणायचं ते जुन्या सवयीने. दोन वर्षांपूर्वी त्याने व्हर्लीनच्या लेकीचा, केंड्राचा जबडा मोडला. व्हर्लीन कोर्टात उभी राहिली, एकेक गोष्ट तारखेसकट सांगितली, आणि तो आत गेला त्याच आठवड्यात लेकीला आणि नातवंडांना दुसऱ्या राज्यात पोचवून आली. तो पत्ता तिने कुठे लिहिला नाही. तो फक्त तिच्या डोक्यात आहे. मलाही माहीत नाही, आणि मी कधी विचारलाही नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी रॉइस सुटला. तिसऱ्याच दिवशी व्हर्लीन ज्या घरी कामाला होती त्या घरासमोर एक राखाडी ट्रक उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरासमोर, तोच ट्रक. तिचं कामाचं वेळापत्रक त्याला तिच्यापेक्षा चांगलं पाठ झालं. चौथ्या दिवशी त्याने काच खाली केली.

"आई," तो म्हणाला. अजून आईच म्हणतो. "पोरांना बघायचंय फक्त. पत्ता दे, मी तुझ्या वाटेला जाणार नाही. नाही दिलास, तर मात्र तुझी वाट कुठून कुठे जाते ते मला ठाऊक आहे."

आम्ही पोलिसांत गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने कागद वाचून सांगितलं की कोर्टाची मनाई केंड्रापुरती आहे, आईपुरती नाही. आणि रस्त्यावर उभं राहणं गुन्हा नाही, रस्ता सगळ्यांचा. धमकीला साक्षीदार कोण, हेही विचारलं. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. व्हर्लीनने मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि पायरीवरच म्हणाली, "नोला, गाडी काढ. बंदुकीच्या दुकानात जायचंय."

बंदूक मला आवडत नाही. बंदुकीविरुद्धच्या मोर्चात पाटी धरून गावभर फिरलेली बाई मी. पण गाडी काढली.

काउंटरवरच्या गड्याने आम्हां दोघींकडे पाहिलं आणि न विचारताच एक गुलाबी मुठीचं, बोटभर नळीचं रिव्हॉल्वर पुढे सरकवलं. बायकांना हेच देतो म्हणाला. हलकं, पर्समध्ये मावतं, चाप ओढा की झालं. व्हर्लीनने चाप ओढला. तो हललाच नाही. दोन्ही हातांची बोटं घातली तेव्हा अर्धा आला, आणि नळी छताकडे गेली. बारा पौंडांचा चाप होता तो. मग त्याने मोठं पिस्तूल काढलं. त्याचा वरचा सरकता भाग, स्लाइड म्हणतात तो, मागे ओढून सोडला की पहिली गोळी नळीत चढते. व्हर्लीनचे अंगठे लोखंडावरून घसरले. शेवटी त्याने बावीस कॅलिबरचं इवलंसं पिस्तूल दाखवलं आणि हसला. याने खार पडते, माणूस फक्त चिडतो, म्हणाला.

मी तोंड उघडलं तोच व्हर्लीन म्हणाली, "गप्प बस, नोला. माणूस आपलं काम करतोय. येत नाही त्याला, एवढंच."

तिथून आम्ही इरेना कोव्हाल्स्कीकडे गेलो. इरेनाबाई सत्तरीच्या. तीस वर्षं शाळेची बस चालवली, आता गावाबाहेरच्या मैदानावर बायकांना नेम शिकवतात. त्यांचीही बोटं वाकडी. त्यांनी बंदुकीचं नावही काढलं नाही. नवऱ्याचा मासे तोलायचा काटा आणला आणि व्हर्लीनचं बोट त्याला लावलं. सात.

"मग साडेसहाच्या वर जायचं नाही," इरेनाबाई म्हणाल्या. "भीतीने बोट ढिलं पडतं."

बावीसचं रिव्हॉल्वर चालेल का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे शिकवणीतल्या मठ्ठ पोरीकडे बघावं तसं पाहिलं. त्या गोळीला धक्का लहान, पण ती पेटवायला ठोका जोराचा लागतो, म्हणून रिव्हॉल्वरचा चाप आणखी जड. आणि पन्नासात एखादी पेटतच नाही. खारीला चालतं, ती थांबते. मग त्यांनी कपाटातून तीनशेऐंशी कॅलिबरचं एक पिस्तूल काढलं. गोळी लहानच, पण भरवशाची. चाप बरोबर साडेसहा पौंडांचा, स्लाइडची स्प्रिंग मऊ. मुठीच्या मागे एक पट्टी, ती तळव्याने पूर्ण दाबली जात नाही तोवर चाप ओढला तरी काही होत नाही.

मऊ असली तरी ती स्लाइड व्हर्लीनकडून मागे येईना. तीनदा ओढली, तीनदा निसटली. मला वाटलं, संपलं. इरेनाबाईंनी तिला विचारलं की दोनशे पौंडांचा पुरुष ती अंथरुणात कशी वळवते. हातांनी? व्हर्लीनला हा प्रश्नच अपमानाचा वाटला. हातांनी कोण वळवतं? हात फक्त धरायला. वळतं ते अंग. आणि बोलता बोलता थांबली. पिस्तूल छातीशी धरलं, स्लाइडवर अख्खा तळवा ठेवला, कोपर बरगडीला टेकवलं आणि कमरेतून वळली. खट् करून स्लाइड मागे आली. सत्तावीस वर्षांचं काम एका झटक्यात.

दोनशे गोळ्या झाडल्या तिने. एकही अडली नाही. सात पावलांवर कागदी माणसाच्या छातीत बशीएवढ्या जागेत बऱ्याच लागल्या. इरेनाबाई म्हणाल्या, मोठी गोळी भिंतीत जाण्यापेक्षा लहान गोळी जागेवर गेलेली बरी.

आता ठेवायचं कुठे? तुम्ही म्हणाल पर्समध्ये. आमच्या कामात बाईची पिशवी रुग्णाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर असते, तोंड उघडं, घरच्यांना आत दिसेल अशी. कुठे लिहिलेला नियम नाही. चमचा हरवला तर आळ येऊ नये म्हणून बायकांनीच घालून घेतलेली चाल. मला ती कधीच पटली नाही, व्हर्लीन मात्र ती मोडायची नाही. कंपनीचा लिहिलेला नियम वेगळा: रुग्णाच्या घरात हत्यार सापडलं की नोकरी गेली. राज्याचा कायदा हत्यार बाळगू देतो, कंपनी नाही. व्हर्लीनने रुंद इलॅस्टिकचा पोटपट्टा घेतला, त्याच्या ताठ खिशात पिस्तूल बसवलं आणि वर सैल अंगरखा घातला. बाहेरून काही दिसायचं नाही.

पण आमचं काम दिसण्याचं नाही, स्पर्शाचं आहे. मिस्टर हॉलिस ब्याण्णव वर्षांचे, काचेच्या कारखान्यातले जुने कामगार, डोळे जवळपास गेलेले. त्यांना खाटेवरून खुर्चीत घेताना व्हर्लीन आपले गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकवते, त्यांच्या कमरेचा पट्टा धरते, आणि ते दोन्ही हातांनी तिच्या कमरेला मिठी घालतात. रोज दोनदा. पहिल्या दिवशी त्यांचा हात उजव्या बाजूला थबकला. दुसऱ्या दिवशी हात बरोबर दोन बोटं वर धरला. व्हर्लीन त्या रात्री झोपली नाही. त्यांची भाची कंपनीला दर आठवड्याला फोन करते.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, अकराच्या सुमाराला ते घडलं. त्या वेळी मिस्टर हॉलिसांचं जेवण पोचवणारी चर्चची बाई येते, म्हणून मागचं दार नुसतं लोटलेलं असतं. दार वाजलं तेव्हा व्हर्लीन मिस्टर हॉलिसांना खाटेवरून उचलत होती. जेवण टेबलावर ठेवा, असं ती तिथूनच बोलली. आधी तिच्या पिशवीतल्या किल्ल्या वाजल्या. मग टेबलावर एकेक वस्तू ठेवल्याचा आवाज. चष्म्याची डबी. औषधाची बाटली. घाई अजिबात नाही.

रॉइस खोलीच्या दारात आला तेव्हा तिचा फोन त्याच्या हातात होता.

"उघड, आई," तो म्हणाला. "एवढा उघड, मी निघालो."

व्हर्लीनने मला नंतर सांगितलं, त्या क्षणी तिला सगळं पाठ होतं. अंगरखा वर, तळवा मुठीवर, पट्टी दाबायची, चाप साडेसहाच्या आत. फक्त हात नव्हते. दोन्ही हातांत एकशेऐंशी पौंडांचा म्हातारा होता, अर्धा उभा, अर्धा हवेत. तिने सोडलं असतं तर त्यांचा खुबा फुटला असता, आणि त्या वयात खुबा फुटला की माणूस परत उठत नाही. केंड्राचा क्रमांक त्या फोनमध्ये होता. रॉइसने एक पाऊल पुढे टाकलं. तिने सोडलं नाही.

मिस्टर हॉलिसांचा हात तिच्या कमरेवरून सरकला, अंगरख्याखाली गेला आणि थांबला.

"पोरा," ते तिच्या खांद्यावरून म्हणाले, "मला तू दिसत नाहीस. पण माझा हात कशावर आहे ते मला कळतंय, आणि तुझा आवाज कुठून येतो तेही कळतंय. मी ब्याण्णव वर्षांचा आहे. मला तुरुंगाची भीती घालणारा अजून जन्मायचाय. बोल, आणखी बोल."

रॉइस बोलला नाही. बोलला असता तर कळलं असतं ना कुठे उभा आहे ते. मग फोन कपाटावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मागचं दार आपटलं.

"बसव आता," मिस्टर हॉलिस म्हणाले. "तुझा हा नवा पट्टा मला पाच दिवस टोचतोय, मिस व्हर्लीन."

त्यांची बोटं मुठीपर्यंत पोचलीच नव्हती, हे तिला त्यांना खुर्चीत बसवल्यावर कळलं. हात होता खिशाच्या ताठ कडेवर.

घरात शिरला म्हणून आता पोलिसांना त्याच्यावर गुन्हा दाखल करता आला, साक्षीदारही मिळाला. पण त्याआधी त्याच दुपारी कंपनीला निनावी फोन गेला: तुमची टिब्सबाई रुग्णांच्या घरी पिस्तूल घेऊन फिरते. फोन कुणाचा ते सांगायला हवं का? कंपनीने व्हर्लीनला बोलावून विचारलं. मी तिला बजावलं होतं की कमिटीचा माणूस येईपर्यंत तोंड उघडू नकोस. तिने एका शब्दात हो म्हणून सांगितलं. संध्याकाळच्या आत ओळखपत्र काढून घेतलं. मिस्टर हॉलिसांनी भाचीकडून तीन पानी पत्र लिहवून घेतलं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. त्यांच्याकडे आता एक नवी मुलगी येते. ती त्यांना हातांनी उचलते.

नोकरीसाठी मी लढते आहे. ते माझं काम, त्यात तुमच्याकडे मी काही मागत नाही. व्हर्लीन घरी आहे; रोज सकाळी रिकामं पिस्तूल छातीशी धरते, कमरेतून वळते, खट्. आणि रॉइस गॅडी सापडलेला नाही. राखाडी ट्रक दोन गावं पलीकडे दिसला, मग नाही. तो ओरडत येत नाही. विम्याचा माणूस म्हणून येतो, शाळेतला जुना मित्र म्हणून येतो, पोरांसाठी भेट आणली आहे म्हणतो, आणि हसतो छान. केंड्राला ओळखणारी माणसं या गावात पुष्कळ आहेत. कुणाला ती कुठल्या बाजूला गेली ते ठाऊक असेल, कुणाला तिच्याकडून कार्ड आलं असेल.

तेव्हा एवढंच करा. तुमच्या दारात कुणी गोड बोलून टिब्सबाईच्या लेकीची चौकशी केली, तर तुम्ही तिचं नावसुद्धा कधी ऐकलेलं नाही. दार लावा, कडी घाला, आणि आधी मला फोन करा.