गोड लागणारी पेंड

"कडूपणा गेला म्हणजे विष गेलं, असं समजू नका." लॅबमधले काका हे दिवसातून कितीदा म्हणत, देव जाणे. म्हणताना डावा डोळा असा बारीक करत, की ते विष आपणच कालवलंय असं समोरच्याला वाटावं.

बोईसरच्या आमच्या कारखान्यात करंजाची पेंड धुऊन, तिच्यातलं विष काढून गुरांचं खाद्य बनतं. पेंड तपासायचं काम काकांचं, विकायचं माझं. त्यामुळे आमचं कायम वाकडं. साताऱ्याकडच्या या माणसाला पाण्याचा संशय, पेंड धुण्याच्या सोड्याचा संशय, कॅन्टीनच्या चहाचासुद्धा. पहिला घोट मला घ्यायला लावत. तुम्हीच सांगा, अशा माणसाशी कोण प्रेमाने बोलेल?

तपासणीआधी ते चिमूटभर पेंड जिभेवर ठेवून थुंकत. एका सकाळी थुंकले आणि ओरडले, "ही गोड का लागतेय?"

गुरांनी आवडीने खावं म्हणून पेंडीत उसाची मळी घालतात, पण तपासणीनंतर. नव्या कामगाराने ती आधीच घातली होती. "उसमें क्या हुआ काका? बाद में भी तो डालते हैं," तो म्हणाला. काकांनी तपासलं, तर पेंड नीट धुतलीच गेली नव्हती. आणि गोदामवाल्याने त्यातली काही पोती तपासणीची वाट न पाहता सफाळ्याला पाठवूनही दिली होती.

काका माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. वाटभर माझा खांदा घट्ट धरून होते. मध्येच एकदा म्हणाले, "म्हशी गाभण असतील हो."

सफाळ्याला आमची पेंड घेणाऱ्या मावशीच्या गोठ्यात पोती तशीच पडलेली होती. "वास नेहमीचा नाय," ती म्हणाली. "आमी नाय घातली." काका चक्क हसले. तिने दिलेला चहा त्यांनी न हुंगता पिऊन टाकला.

तेव्हापासून मी पेंड घेऊन गेलो की मावशी विचारायची, "काकांनी चाखली काय?" मी हो म्हटल्यावरच पोत्याची सुतळी कापायची.

काका यंदा वारले. परवा मी मावशीला ते सांगितलं. मग म्हणालो, "आता नवं यंत्र आलंय, मावशी. ते चुकत नाही."

"असंल. पन त्याला संशय येतो काय?"

मला काकांची फार आठवण आली. मावशीने पोत्याला हात लावला नाही, आणि मीही आग्रह केला नाही.