मावशीची बोरं

माझ्या मावशीइतका घाणीवर जीव लावणारं माणूस अख्ख्या नाशकात दुसरं नसेल. मी हे तिच्या तोंडावर म्हणायचो आणि तिला ते मानपत्रासारखं वाटायचं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी झाली. शुद्ध पाणी नदीला जायचं आणि मागे काळा गाळ उरायचा. मावशीचा ओढा त्या गाळाकडे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी गृहस्थाला ती प्रेमाने सांगायची, "खा पोटभर, उद्या आमच्याकडेच येणार आहे." गृहस्थांचं श्रीखंड तसंच राहायचं, मावशी मात्र पुन्हा वाढून घ्यायची.

निवृत्त झाल्यावर तिने नांदगावजवळची सासरची पडीक जमीन हाती घेतली. काकांच्या माघारी तिथे नुसता मुरूम उरला होता. रीतसर परवानगी काढून ती प्रक्रिया केलेला, वाळवलेला गाळ टेम्पोने नेऊ लागली. अंबडकडच्या कारखान्यांचं पाणी ज्यात मिसळलंय तो गाळ ती शिवायचीसुद्धा नाही. त्यातले जंतू उन्हाने मरतील, धातू कसे मरतील, असं तिचं म्हणणं. टेम्पोवाल्याच्या शेजारी ती वऱ्हाडाला निघाल्यासारखी नटून बसायची. पहिल्याच खेपेला तिचा दीर नाकाला उपरणं लावून बांधावर उभा होता. मावशीने मूठभर गाळ त्याच्यासमोर धरला.

"भाऊजी, उपरणं काढा आणि सांगा, वास येतोय?"

"वास नाय येत वहिनी," तो म्हणाला, "पन मला म्हाईत हाय ना."

तिथे तिने बोरं लावली. हळूहळू मुरमाची माती झाली, तीत गांडुळं आली. पहिल्या गांडुळाचा फोटो तिने 'नवा पाहुणा' म्हणून नात्यात सगळ्यांना पाठवला आणि माझ्या भोळ्या मामीने तो न उघडताच अभिनंदन कळवलं.

झाडांना बोरं धरली त्या संक्रांतीला मावशीने हळदीकुंकू केलं. आलेल्या बायकांना ओंजळ ओंजळ बोरं दिली. "काय गोड आहेत हो, कुठली?" असं कोणीतरी विचारलं, आणि इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली त्याचं उत्तर मावशीने अगदी सविस्तर दिलं. सगळ्या उठून गेल्यावर सतरंजीच्या कडेला, कुंडीआड, बशीखाली, बोरंच बोरं सापडली. मावशीने ती एकटीने वेचली. त्यानंतर तिने पंगतीत कोणाला छेडलं नाही. टेम्पोही बंद झाला. विचारलं तर म्हणायची, "गुडघे दुखतात रे."

गेल्या पौषात तिला नांदगावला घेऊन गेलो. झाडं लगडली होती, खाली पिकल्या बोरांचा थर पडला होता. गावात कोणी ती नेत नव्हतं. मावशीने एक बोर उचललं, पदराला पुसून खाल्लं, मग दुसरं खाल्लं. मी हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली, "उगीच माझ्यासाठी नको खाऊस."

मी वाकून एक उचललं. खरंच गोड होतं. सांगायला वर पाहिलं, तोवर ती गाडीकडे चालू लागली होती.