सापडल्याचा मेल

माझ्यापर्यंत आलेली साखळी माझ्यापाशीच तुटायची. हा माझा नियम होता आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. लहानपणी अकोल्यात आमच्याकडे देवीच्या नावाने पोस्टकार्डं यायची. अशीच अकरा पत्रं लिहून पाठवा, नाहीतर घरात वाईट घडेल. बाबा ती बंबात घालायचे आणि मी पुढचे आठ दिवस वाईट घडण्याची वाट बघायचे.

हिंजवडीत नोकरीला लागले तेव्हा तीच पत्रं मेलमधून भेटली. रक्त हवंय, मूल हरवलंय, दहा जणांना पाठवा. मी आधी तारीख शोधायचे. ती नसायचीच. 'काल संध्याकाळपासून' असं असायचं आणि तो काल कधीचा, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. मग खाली खाली सरकत कुणी कुणाला पाठवलाय ते बघायचे. दर पायरीला तीस-चाळीस अनोळखी माणसांचे पत्ते उघडे पडलेले. दुसऱ्याच्या कपाटात डोकावल्यासारखं वाटायचं. मी मेल पुसून टाकायचे. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची, तुझ्या काळजाला कुलूप आहे.

मी नेऱ्याला भाड्याने राहायचे. मालकांनी मारुंजीच्या बाजूची जमीन विकून घरावर चार खोल्या चढवल्या होत्या, त्यातली एक माझी. खाली मालक, म्हणजे काका, काकू, त्यांची लग्नाची मुलगी आणि काकांचे वडील, आबा. आबांना ऐकू कमी यायचं. कधी कधी ते भल्या सकाळी विकलेल्या शेताकडे चालू लागायचे आणि कुणीतरी त्यांना परत आणायचं.

एके दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. आबा सकाळपासून सापडत नव्हते.

"तुमच्या हापिसात लई माणसं हायेत ना? समद्यांना सांग पोरी."

मी इंग्रजीत मेल लिहिला. वय, धोतर-सदरा, टोपी, घरचा फोन नंबर. कुठे शोधायचं ते कळावं म्हणून एक वाक्य घातलं, की घरच्यांनी मागच्या वर्षी जमीन विकली आहे आणि ते त्या बाजूला गेले असतील. सगळ्या मजल्याला पाठवला, सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून. 'आज सकाळपासून' असं लिहिलं. तारीख घातली नाही.

संध्याकाळी आबा कासार आंबोलीला सापडले, त्यांच्या लेकीच्या घरी. वाटेत भेटलेल्या कुणी मोटरसायकलवाल्याला त्यांनी फक्त त्या गावाचं नाव सांगितलं होतं आणि त्याने नेऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी 'सापडले' असा मेल लिहायला बसले. दोन ओळी झाल्या. पण आदल्याच दिवशी साहेबांनी विचारलं होतं की खासगी गोष्टी सगळ्या मजल्याला कशाला. पुन्हा तेवढ्या लोकांपुढे जायची लाज वाटली. मी त्या ओळी पुसल्या.

मग फोन सुरू झाले. आधी पुण्यातून, मग नागपूरहून, मग हिंदीत. काकूंनी उत्तर ठरवून टाकलं होतं. सापडले, जेवायला बसलेत. कधी आबाच फोन उचलायचे आणि काही न कळता "व्हय, व्हय" म्हणून ठेवून द्यायचे. घरात हसायचे. मीही हसायचे, पण जिन्यावरून.

आठ-नऊ महिन्यांनी मुलीसाठी सूसचं स्थळ आलं. मुलगा आणि त्याचा मोठा भाऊ दोघेही कंपनीत. पसंती झाली, बैठकीचा दिवस ठरायचा होता, आणि अचानक तिकडून काही कळेना. शेवटी मध्यस्थाने काकांच्या हातात छापलेली पाच पानं ठेवली. मुलाच्या भावाला मेलवर आली होती. मुलाकडचे म्हणतात ही माणसंच तशी, एवढंच तो बोलला आणि गेला.

काका पानं घेऊन वर आले. दारातच उभे राहिले.

"ह्यात काय लिवलंय ते वाच. आमाला कुणी सांगंना."

पहिल्या पानावर आमच्याच घरचा नंबर होता. वर लिहिलं होतं की पोरांनी जमीन विकून पैसे घेतले आणि म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढलं. मी वाचून दाखवलं, ते वाक्य सोडून.

"एवढंच?"

"एवढंच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पानं परत मागितली नाहीत.

हे कुणी घुसवलं असेल? आधी काकांच्या चुलतभावाचा संशय आला, बांधावरून त्यांचं वाकडं होतं. मग शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचा, तिला गोष्टी रंगवायची सवय. आणि सांगायला लाज वाटते, पण काकांचाही, की हे खरंच तर नसेल. आबांचं ताट पडवीत वेगळं वाढतात, हे मी रोज बघत होते. त्यांना तिथे उजेडात बसायला आवडतं, हेही बघत होते. पण त्या संध्याकाळी मला फक्त ताट आठवलं.

मग मी नेहमीसारखी खाली खाली गेले. दर पानावर एकाने पुढच्याला पाठवताना मजकूर आपल्या शब्दांत लिहिला होता. चौथ्या पानावर 'घरच्यांनी जमीन विकली, म्हणून म्हातारा निघून गेला'. तिसऱ्यावर 'मुलांनी त्याची जमीन विकली'. दुसऱ्यावर पैसे आले. पहिल्यावर घराबाहेर काढलं. प्रत्येकाने एखादा शब्दच वाढवला होता, बहुधा कळवळ्याने. आणि पाचव्या पानाच्या तळाशी माझं नाव, माझं वाक्य. तारीख नाही.

मी खाली गेले. काका-काकू दोघेही होते. सोडलेलं वाक्य आधी सांगितलं, मग ते कुठून निघालं ते सांगितलं. सापडल्याचा मेल पाठवला नव्हता, हेही. काकू पदराच्या टोकाशी खेळत राहिल्या. मुलगी उठून आत गेली.

"म्हंजे तू लिवलंस," काका म्हणाले.

"हो."

"मग तितं येऊन तूच सांगायचं."

रविवारी आम्ही सूसला गेलो. काका, आबा आणि मी. कुणाच्या घरी पाणी मागायचं तरी मला दहा मिनिटं लागायची. मुलाचा भाऊ माझ्याशी इंग्रजीत बोलू लागला. मला ते सोपं गेलं असतं, पण काकांना कळलं नसतं. मी मराठीत सांगितलं, अडखळत, पाचही पानं टीपॉयवर ओळीने मांडून.

मुलाच्या वडिलांनी आबांच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, त्या दिवशी कुठे गेला होतात.

"मी हरवलो न्हवतो," आबा म्हणाले. "वाट हरवली व्हती. तितं आता भिंत हाय. भिंतीच्या कडंनं चाललो तर शेत येतच न्हाई."

मुलाचे वडील मान हलवत राहिले. त्यांच्या खिडकीतूनही एका सोसायटीची भिंतच दिसत होती. मुलाची आई आतून पुन्हा चहा घेऊन आली आणि पहिला कप तिने आबांना दिला.

तेव्हा मुलाचा भाऊ हळूच म्हणाला की तो मेल त्यानेही पुढे पाठवलाय. चाळीसेक लोकांना.

"त्यांना आता खरं कळवा," मी म्हटलं.

"पाठवतो ना, सोमवारी ऑफिसातून."

मीही एकदा असंच दुसऱ्या दिवशी पाठवणार होते.

"आत्ता," मी म्हटलं.

त्याने कॉम्प्युटर लावला. मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि पत्ते मोजले. ते एकमेकांना दिसणार नाहीत अशा रकान्यात घालायला लावले. घरचा नंबर काढायला लावला. वरच्या ओळीत तारीख.

आबा काठी टेकत येऊन शेजारी उभे राहिले.

"मी कुटं हाय ह्यात?"

मी पडद्यावर 'सापडले' लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी त्या ओळीवर आपलं बोट टेकलं आणि मेल जाईपर्यंत काढलं नाही.